चाचांच्या अनुभवाचा दाखला

माझ्या आयुष्यातलं पहिलं सर्टिफिकेट मला भूकंपाने मिळवून दिलं. औसा तालुक्यातल्या आमच्या गावी घर पडलं आणि तहसीलमधून ‘भूकंपग्रस्त’ असा दाखला मिळाला. पुढे नोकरीत राखीव जागा मिळते म्हणून वडिलांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला. त्या दाखल्यासाठी परीक्षा नव्हती. घर पडलं होतं, आणि कागदावर तेच लिहिलं होतं. त्यामुळे कागदावर असतं ते खरंच असतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

चाचांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच काळात, आमच्या पत्र्याच्या शेडसमोर. लातूरला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पिशवी घेऊन ते गावोगावच्या शेडमध्ये यायचे आणि रेडिओ फुकट दुरुस्त करून द्यायचे, कारण पुन्हा हादरा येणार का, हे प्रत्येकाला ऐकायचं होतं. वीज नसायची. रेडिओच्या तारांना डाग द्यायची सळई ते आमच्याच चुलीत तापवायचे आणि आई त्यांना चहा द्यायची.

काही वर्षांनी लातूरच्या एका कोचिंग क्लासात मी नोकरीला लागले, तर कॉम्प्युटरच्या खोलीत तेच बसलेले. लातुरात तेव्हा गल्लीगल्लीत क्लास निघत होते. आमच्याकडे रोज शेकडो प्रश्नपत्रिका टाइप व्हायच्या, निकाल निघायचे, आणि ती सगळी मशीन चाचा सांभाळायचे. रेडिओ उघडणाऱ्या माणसाने कॉम्प्युटरही तसेच उघडून पाहिले होते. मला त्यांनीच शिकवलं. मशीन नुसतं बीप-बीप करत असेल तर मेमरीची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासायचं, फुंकर मारायची आणि परत बसवायची. दहातली आठ मशीन तेवढ्यावर चालू व्हायची. मी हे शिकले तेव्हा मला फार मोठं काहीतरी हाती लागल्यासारखं झालं होतं.

मग क्लासच्या सरांच्या डोक्यात हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स काढायचं आलं. ते म्हणाले, “पालक भिंतीकडं बघतेत. भिंतीवर सर्टिफिकेट पाहिजे. तुम्हा दोघांपैकी परीक्षा पास होईल तो विभागप्रमुख.”

परीक्षा एका परदेशी कंपनीची होती, इंग्रजीत, कॉम्प्युटरवर, चार पर्यायांची. ती खोली चाचांनी उभी केली होती, प्रमुख त्यांनीच व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही व्हायचं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा वाटू शकतात, याचा मी तेव्हा विचार केला नाही.

तयारी मी लातूरच्या पद्धतीने केली. जुने प्रश्न कुठूनतरी मिळवले, त्यांचे संच पाडले आणि रोज घड्याळ लावून एक संच सोडवायला बसले. आमच्या क्लासातली मुलं प्रश्नाचे पहिले चार शब्द वाचून उत्तरावर खूण करायची, तशी मीही करायला लागले. महिनाभरात माझे शंभरपैकी शंभर येऊ लागले. चाचांनाही मी तेच संच दिले. त्यांना इंग्रजी वाचता यायचं, पण ते एकेका प्रश्नावर पाच-पाच मिनिटं अडून बसायचे.

“चाचा, विचार नका करू. छापलंय ते पाठ करा.”

“अगं बेटा, पर हे असं होतच न्हाई ना. मी रोज करून राहिलो, मला ठाऊक हाय.”

“तुम्ही रोज करता ते कोण विचारतंय?” मी चिडून म्हणाले. माझा स्वभाव तसाच आहे, जीभ आधी चालते.

परीक्षेचं केंद्र नांदेडला होतं. आम्ही सकाळच्या एस.टी.ने अहमदपूर, लोहा करत गेलो. चाचांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत मी त्यांचे प्रश्न घेत होते आणि ते खिडकीबाहेर बघत उत्तरं देत होते, निम्मी चुकीची.

केंद्रात आम्ही शेजारशेजारी बसलो. अर्धा तास झाला असेल, चाचांनी हात वर केला. देखरेखीला असलेली मुलगी जवळ आली, तर त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “बेटी, हेच्यात खरं उत्तरच न्हाई.” प्रश्न बीप वाजणाऱ्या मशीनचाच होता. चार पर्यायांत माहितीपुस्तिका बघा, पट्टी बदला, असं सगळं होतं, घासा असं कुठेच नव्हतं. मुलगी हसली आणि म्हणाली, “काका, चारातलंच एक निवडावं लागतं.” मीही हसले. माहितीपुस्तिकेवर मी केव्हाच खूण केली होती. क्लासच्या खोलीत बसून आयुष्यात एकदाही मी माहितीपुस्तिका उघडली नव्हती, कारण आमच्याकडे ती नव्हतीच.

निकाल लगेच पडद्यावर आला. मी उत्तम गुणांनी पास, चाचा नापास. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “लई छान झालं,” आणि त्यांनी मला स्टेशनसमोर उसाचा रस पाजला. तो रस मला गोड लागला, हे लिहिताना आज कसंतरीच होतं.

सरांनी माझं सर्टिफिकेट चौकटीत घालून प्रवेशाच्या काउंटरमागे टांगलं. मला टेबल, खुर्ची आणि शिक्का मिळाला. चाचांना सांगण्यात आलं की बोलावलं की या. हळूहळू बोलावणंही कमी झालं, कारण आता प्रमुख होती ना.

सराव परीक्षेच्या निकालाच्या दिवशी निकालाचं मशीन बंद पडलं. बाहेर पालकांची रांग. मी खोका उघडला आणि माझ्या डोक्यात अ, ब, क, ड फिरायला लागलं. आधी काय, नंतर काय, पुस्तकात काय होतं, चाचा काय करायचे, सगळा गोंधळ. पूर्वी आपोआप चालणारे माझे हात तसेच थांबले. शेवटी चाचांना निरोप धाडला. त्यांनी मशीन दहा मिनिटांत चालू केलं आणि सर माझ्याकडे बघून पालकांना म्हणाले, “आमचा स्टाफ सर्टिफाइड आहे.” चाचांनी मान डोलावली. मला रडू येत होतं की राग, ते कळेना.

पुढे नांदेडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेला माणूस हवा होता. तिथे सर्टिफिकेटऐवजी अनुभवाचा दाखला चालणार होता, विभागप्रमुखाच्या सहीचा. चाचा माझ्याकडे आले. मला इतका आनंद झाला की मी त्यांना बसवून तिथल्या तिथे दाखला लिहिला. खरा लिहिला. या विभागाचं काम यांनीच सुरू केलं आणि मी स्वतः यांच्या हाताखाली शिकले, असं त्यात होतं. सही केली, शिक्का मारला. कधी नव्हे ते मला त्या शिक्क्याचा अभिमान वाटला.

चार दिवसांनी चाचा परत आले. त्यांच्या हातात तोच दाखला होता, आडवी लाल रेघ मारलेला. कॉलेजातला कारकून म्हणाला होता, प्रमुखच स्वतःला उमेदवाराचा शिष्य म्हणवतोय तर दाखला धरायचा कसा, ‘माझ्या हाताखाली काम केले’ असं वाक्य घालून नेहमीच्या नमुन्यात आणा. उद्या शेवटची तारीख होती.

मी म्हणाले, “सरांची सही घेऊ.” सर म्हणाले, “प्रमुख तू हायेस, तुझीच चालते.” मी म्हणाले, “मग ते ‘हाताखाली’चं वाक्य नको घालायला.” चाचा म्हणाले, “वाक्य पाहिजे. त्याशिवाय घेत न्हाईत. लिही बेटा, मी सांगतो.”

आणि त्यांनी उभ्याउभ्या मला सांगितलं. मी टाइप करत गेले. ‘यांनी माझ्या हाताखाली व माझ्या देखरेखीखाली सात वर्षे काम केले असून यांचे काम समाधानकारक आहे.’ ‘समाधानकारक’वर माझी बोटं अडली. ते म्हणाले, “हाव, तसंच असतं ते.” मी स्वतः तिथे चार वर्षंही काढली नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मी सही केली. त्यांनी कागद उजेडात धरून नीट वाचला, घडी घातली, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. मग दोन्ही हात जोडून म्हणाले, “येतो, मॅडम.”

थट्टेने म्हणाले की मनापासून, मला आजही सांगता येत नाही. मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं, तिथे काहीच नव्हतं. उठून त्यांच्या पाया पडायला हवं होतं. मी खुर्चीत बसूनच मान हलवली.