न प्यालेला चहा

ठाण्याला मासुंदा तळ्यामागच्या ख्रिस्ती वस्तीत मॉरिसची पावाची भट्टी होती. सकाळी घाईत असलेल्या माणसाने मॉरिसला "कसं काय?" असं कधी विचारायचं नसे, कारण मॉरिस ते सांगत असे.

पन्नाशीचा, ठेंगणा, गोलसर माणूस. भट्टीच्या धगीने भुवया कायमच्या उडालेल्या, त्यामुळे चेहरा नेहमी आत्ताच काहीतरी नवल ऐकल्यासारखा दिसे. भट्टी घालण्याआधी बावीस वर्षं तो कल्याणला रेल्वेच्या एका इंजिनियर साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होता. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याने मॉरिसला एक पेटी चहा, चॉकलेटच्या भुकटीच्या डब्यांचा एक खोका आणि एक शिफारसपत्र दिलं. हे पत्र मॉरिसने भट्टीच्या वर भिंतीला चौकटीत लावलं होतं. मॉरिस हा अत्यंत प्रामाणिक माणूस आहे, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. वस्तीत इंग्रजी वाचता येणारे फार थोडे, म्हणून मॉरिस ते स्वतःच वाचून दाखवी.

साहेबाकडून त्याने एक सवयही आणली होती. दिवसातून सहा वेळा तो चहा पीत असे. त्या काळी आमच्याकडे चहा कोणी पीत नसे. फार तर पडसं झालं की वैद्याच्या काढ्यासारखा घोटभर. त्यामुळे मॉरिस कप घेऊन ओट्यावर बसला, की समोरून मिठागरावर जाणारा राघो हमखास विचारी, "कोण आजारी हाय रे घरात?"

अठराशे शहाऐंशीच्या पावसाळ्यात घरात खरंच आजारपण आलं. मॉरिसची बायको सेलेस्टीन हिला हिवताप झाला आणि सतरा दिवस तो उतरेना. अठराव्या दिवशी मॉरिसने तिच्या खाटेशी गुडघे टेकले आणि तो वांद्र्याच्या मोतमाउलीला मोठ्याने नवस बोलला, "हिला बरी कर, माउली. पुढच्या सालच्या जत्रेपर्यंत, अख्खं वर्ष, मी चहा पिणार नाय."

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. सेलेस्टीनने डोळे उघडले, पेज मागितली आणि ती पहिलं वाक्य बोलली ते हे, "चहाची पेटी कुठं हाय?"

तिने नवस ऐकला होता आणि तो मोडला तर ताप परत येणार, याबद्दल तिच्या मनात काडीचीही शंका नव्हती. खाटेवरून उठायची ताकद आल्याबरोबर तिने चहाची पेटी आपल्या लग्नातल्या पेटाऱ्यात ठेवली. चहाबरोबर साखरही ठेवली, म्हणजे त्याला आठवण नको. पेटाऱ्याला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या खुरसाच्या, म्हणजे क्रुसाच्या, दोरीत ओवली. शिवाय रोज संध्याकाळी मॉरिस भट्टी झाकून घरात आला, की ती त्याच्यासमोर उभी राही.

"उघर तोंड."

मॉरिस तोंड उघडी. ती हुंगे. "जा, जेवायला बस."

बावीस वर्षं साहेबाची चांदीची भांडी सांभाळलेल्या माणसाला हे लागे. पण तो रोज तोंड उघडी. सेलेस्टीन चालतीफिरती होती आणि नवसाशिवाय याचं दुसरं कारण त्यालाही माहीत नव्हतं.

मी तेव्हा पुण्याला ओव्हरसियरची परीक्षा देऊन ठाण्याच्या रस्त्यांच्या कामावर नुकताच लागलो होतो. मी कोपरच्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिलाच, त्यामुळे कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय सोडायची नाही असा उत्साह होता. मॉरिसच्या भट्टीचा घुमट एका बाजूने खचला होता आणि नोव्हेंबरात तो मी बांधून दिला. ख्रिस्त्याच्या भट्टीतला पाव खाल्ला की माणूस बाटतो असा तेव्हा समज, म्हणून घरी मी पाव खात नाही असं सांगितलेलं आहे. या लिखाणापुरतं वाचकांनीही तेच धरून चालावं.

मॉरिस वाळत चालला होता. सकाळी दहाला त्याचं डोकं चढे, चारला पुन्हा चढे. पाव कधी कच्चे राहत, कधी करपत. नाताळच्या सुमारास एकदा त्याने मला भट्टीमागे ओढून नेलं.

"तू इंजिनियरिंग शिकलास ना? मग सांग. पिणं आणि खाणं एकच का?"

"नाही, काका," मी म्हणालो. "पिणं द्रवाचं, खाणं घनाचं. पदार्थविज्ञानात या दोन वेगळ्या अवस्था आहेत."

"लिहून देशील?"

लिहून दिलं नाही. पण ठाण्यात माझ्या पदार्थविज्ञानाचा पहिला उपयोग हा असा झाला.

पुढच्या गुरुवारपासून काम सुरू झालं. दर गुरुवारी मॉरिस आगगाडीने कल्याणला बंगल्यांवर पाव पोचवायला जाई. तिथल्या एका बंगल्यावर निकोलस नावाचा त्याचा जुना सोबती खानसामा होता. तो कागदाच्या पुडीत चार चमचे चहा बांधून देऊ लागला. घरी सेलेस्टीन देवळात गेली, की मॉरिस तो चहा खलात कुटी आणि लोण्यात मंद आचेवर कढवी. पाण्याचा थेंबही नाही, म्हणजे पिण्याचा संबंधच नको. मग मैदा, अंडी आणि हे लोणी. साखर कुलपात असल्यामुळे गूळ. आणि चहाचा रंग व वास झाकायला मूठभर चॉकलेटची भुकटी.

बिस्किटाला वेळ किती द्यायचा, हे मॉरिस रोझरीच्या माळेवर जप करत मोजे. पन्नास मणी झाले की बिस्कूट कुरकुरीत. मी घड्याळ लावून पाहिलं, पन्नास मण्यांना पंधरा मिनिटं लागतात, मॉरिस चिडलेला असेल तर बारा. पण सेलेस्टीन देवळातून परत निघायची वेळ आणि पन्नासावा मणी यांची गाठ पडे. म्हणून तो पस्तिसाव्या मण्यालाच बिस्किटांचा पत्रा बाहेर काढी. आधीच गूळ, त्यात भाजणं अर्धवट. बिस्कूट बाहेरून धरे आणि आत मऊच राही, बोटाने दाबलं तर खळगा पडे.

सांगायचं ते हेच, की पुढे ज्या बिस्किटासाठी न्यायकचेरीतले कारकून शिपाई पाठवू लागले, त्यातला एकही गुण मॉरिसने ठरवून आणलेला नव्हता. चॉकलेट लबाडीचं, गूळ कुलपाचा आणि मऊपणा भीतीचा.

पहिल्या दिवशी राघोने एक उचललं आणि त्याचं बोट आत रुतलं. "मॉरिस, याला पण ताप आलाय रे. अंग बघ कसं गळलंय!"

"विलायतेला असंच खातात," मॉरिस म्हणाला. "साहेबाला दात कमी होते."

राघोने ते तोंडात टाकलं आणि दुसरं उचललं. "आजारी माणसाला बघायला परत यायला पायजे," असं म्हणून तो तिसरंही घेऊन गेला.

मॉरिस दिवसाला सहा बिस्किटं खाई. वेळा त्याच, चहाच्या. त्याचं डोकं उतरलं, पाव सुधारले. संध्याकाळी "उघर तोंड" झालं की तो ऐटीत तोंड उघडी. सेलेस्टीन हुंगे, जरा थांबे आणि म्हणे, "जा, जेवायला बस." चॉकलेटचं काम चोख चाललं होतं.

जुलैत लावणी आली. सेलेस्टीनचा शेताचा एक तुकडा नौपाड्याकडे होता आणि ती दोन दिवस तिथे गुडघाभर चिखलात उभी होती. तिसऱ्या सकाळी मी भट्टीवर गेलो तर भट्टी थंड. आतून मॉरिसची हाक आली, "ओव्हरसियर, आत ये!"

सेलेस्टीन गोधडीखाली होती. दात वाजत होते. मॉरिस बिस्किटांचा डबा पोटाशी धरून खाटेशी गुडघ्यांवर होता आणि भुवया नसलेल्या त्या चेहऱ्यावर खरोखरीची भीती मी पहिल्यांदाच पाहिली.

"सेलेस्टीन," तो म्हणाला, "मी तुला मारली. नवस मोडला मी. यात चहा हाय. सहा महिने खातोय. याने सांगितलं, द्रव वेगळा म्हणून."

मी भिंतीकडे पाहिलं. तिथे प्रामाणिकपणाचं पत्र नव्हतं, ते भट्टीवर होतं, एवढं बरं.

सेलेस्टीनने गोधडीतून एक डोळा बाहेर काढला. "मना माहीत हाय."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. रोज तुझं तोंड हुंगतेय मी, मना चॉकलेट फसवेल?"

मॉरिसचं तोंड उघडंच राहिलं, न सांगता.

"मग बोलली का नाय? ताप आला असता तर?"

"भ्याले होते ना. म्हणून पाद्रीबाबाकडे गेले." ती उठून बसली. "बाबा म्हणाला, चाखल्याशिवाय कसं सांगू? नेली दोन. खाल्ली. म्हणाला, प्रश्न कठीण हाय, पुढच्या ऐतवारी ये आणि जास्त आण. असे सहा ऐतवार गेले."

"मग? निकाल काय दिला?"

"सातव्या ऐतवारी डबा रिकामा करून बोलला, बाय, नवस त्याने तुझ्या जिवासाठी केला, तर तूच ठरव. मी घरी आले, तुला बघितलं. तुझं डोकं उतरलं होतं, पण सकाळी रिकामा कप हातात घेऊन बसायचास, ते तसंच होतं. म्हटलं, चहा सोडलाय याने, खरंच सोडलाय. माउलीला तेवढं पुरे. मनापण पुरे." तिने बोट उगारलं. "पण लपवलंस. मी तुझ्यासमोर रोज नाक घेऊन उभी, आणि तू तोंड उघडून खोटं बोललास. ते खोटं माउलीशी नाय, माझ्याशी हाय."

मॉरिसने डबा जमिनीवर ठेवला.

"जत्रेला दोन महिने हायत. बिस्कूट भाजायचं. विकायचं. त्यात काय हाय ते विचारेल त्याला सांगायचं. आणि स्वतः एकही खायचं नाय. आणि आजपासून मना खोटं बोलायचं नाय. आता सुंठेचा काढा आण, चिखलात उभी राहून गारठले मी, दुसरं काय नाय."

काढ्याने ती दुपारपर्यंत उठली. ते मॉरिसने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तरी रात्रीपर्यंत तीन वेळा तिच्या कपाळाला हात लावून आला.

ते दोन महिने त्याने कसे काढले ते मी पाहिलं आहे. पत्रा बाहेर निघे, वास गल्लीभर जाई आणि मॉरिस नाकावर फडकं बांधून उभा असे. निकोलस कल्याणहून मुद्दाम येऊन म्हणाला, "अरे, एक खा, कोण बघतंय?" मॉरिस म्हणाला, "बघत नाय रे, हुंगते." राघो तर समोर उभा राहून चावून चावून खाई आणि विचारी, "यात काय हाय म्हणालास, मॉरिस?" आणि मॉरिसला दर वेळी सांगावं लागे. आता लपवायचं काही नव्हतं, पन्नास मणी पुरे करायला हरकत नव्हती. पण गिऱ्हाइकांनी मऊच मागितलं, म्हणून तो पस्तिसावरच थांबे आणि उरलेले पंधरा मणी, सेलेस्टीनच्या म्हणण्याप्रमाणे, माफीचे म्हणून उभ्याने म्हणे.

सप्टेंबरात दोघं वांद्र्याला जाऊन मेणबत्ती लावून आली. परतल्यावर संध्याकाळी मला बोलावणं आलं. मॉरिस ओट्यावर धुतलेला सदरा घालून बसला होता. सेलेस्टीनने गळ्यातली किल्ली काढली, पेटारा उघडला आणि ती म्हणाली, "आज चहा मी करणार."

तिने जन्मात चहा केला नव्हता. काढा मात्र चांगला करायची. वर्षभर कापूर आणि लग्नाच्या लुगड्यात राहिलेली ती पत्ती तिने मूठभर पाण्यात टाकली आणि पाण्याचा चौथा हिस्सा उरेपर्यंत उकळली. वरून सुंठ घातली. कप भरून त्याच्या हातात दिला आणि ती पदराने कपाळ पुसत समोर उभी राहिली.

मॉरिसने एक घोट घेतला. गिळायला वेळ लागला. त्याने दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि डोळे मिटून कप तळापर्यंत रिकामा केला.

"कसा झालाय?" तिने विचारलं.

मॉरिसने माझ्याकडे पाहिलं. मी भट्टीच्या घुमटाचं बांधकाम तपासू लागलो. खोटं बोलायचं नव्हतं, दोन महिन्यांपूर्वी तसं ठरलं होतं.

"सेलेस्टीन," तो अखेर म्हणाला, "एखादं बिस्कूट उरलंय का गं?"

ती आत गेली. पदराखाली झाकलेली ताटली घेऊन आली, त्यात मोजून सहा होती.