पाहुणे येणार म्हणून धुरी

गोठ्यात एकही डास नव्हता.

तुम्ही म्हणाल, छानच की! मी मात्र हातात बॅटरी घेऊन म्हशीच्या मागे उकिडवी बसले होते आणि मला दरदरून घाम फुटला होता. जमीन ताजी सारवलेली, भिंती झाडलेल्या, एक जाळं नाही की जळमट नाही. कोपऱ्यातल्या घमेल्यात कडुनिंबाचा पाला अजून धुमसत होता.

"चाचा, धुरी काऊन केली हो?" मी बॅटरी घमेल्यावर रोखली.

रहीमचाचा दारात उभे होते. लोणारजवळच्या या गावात त्यांच्या म्हशी, त्यांचा गोठा आणि त्यांचा शब्द, तिन्ही प्रसिद्ध. आज अंगात इस्त्रीचा कुर्ता होता.

"म्हणजे काय बाई? पुण्याचे साहेब येऊन राह्यले अन् गोठ्यात मच्छर ठेवू? गावात काय इज्जत राहीन माझी?"

"अहो, पण मी काल सांगून गेले होते ना, धुरी करू नका म्हणून!"

"ते तुमच्यासाठी. तुम्ही तं घरच्याच. मेहमानाची गोष्ट अलग असते."

चूक माझीच होती. कित्येक महिने हा माणूस माझ्या एका शब्दावर आपल्या म्हशी डासांना फोडून खायला देत होता. काल मी उत्साहाच्या भरात "साहेब गोठा बघायला येणार" एवढं जास्तीचं बोलून गेले. झालं!

आता माझा धंदा सांगते, म्हणजे माझी धडधड समजेल. मी डासांच्या गुणसूत्रांवर काम करते. गावात मला 'मच्छरवाल्या बाई' म्हणतात, आणि माझ्या ऑफिसच्या पाटीपेक्षा ते नाव जास्त अचूक आहे. मलेरिया पसरवणाऱ्या डासाचा जीनोम, म्हणजे त्याच्या शरीराची सगळी लिखापढी, पुण्याच्या लॅबमधल्या मशीनने वाचली होती. पण ती वाचली तुकड्यातुकड्यांनी. फाटलेल्या पोथीची पानं हातात आहेत, आधी कोणतं आणि नंतर कोणतं ते माहीत नाही, असा प्रकार. ती पानं लावायची तर खरं गुणसूत्र डोळ्यांसमोर हवं. त्यावर आडवे काळे-पांढरे पट्टे असतात. तुकड्याला चमकणारा रंग लावून गुणसूत्रावर सोडायचा, तो ज्या पट्ट्यावर जाऊन चिकटेल ती त्याची जागा. यालाच मॅपिंग म्हणतात.

अडचण एकच. असं जाडजूड, वाचता येणारं गुणसूत्र आम्हाला मिळतं ते मादीच्या अंडाशयात, आणि तेही ती हाफ-ग्रॅव्हिड असताना. म्हणजे रक्त पिऊन झालंय, अंडी अर्धी तयार झालीत. पोट पुढे लालसर, मागे पांढरं. थोडं आधी पकडली तर गुणसूत्र कोवळं, उशिरा पकडली तर त्याचा लगदा. अशा माद्या आराम करतात कुठे? तर गोठ्यात. आणि गोठ्यात धूर!

आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणतो, त्या वेळी चाचांच्या बैठकीत चहा पीत होते. लोणारच्या दोन खोल्यांतली माझी लॅब चालू ठेवायची की बंद करायची, ते आज ठरणार होतं. "गावात बसून कोणी गुणसूत्रांची चांगली स्लाइड बनवू शकत नाही," असं त्यांचं मत होतं. "एक दाखवा, मी मत बदलतो." मत बदलायची त्यांना फारशी आशा नसावी, कारण माझा मायक्रोस्कोप परत न्यायला ते गाडीत लाकडी पेटी घालूनच आले होते. आतून स्पंज लावलेली. ती पेटी बघून मला माहेरी आलेल्या लेकीला न्यायला सासरची माणसं आल्यासारखं वाटत होतं.

"मॅडम, मिळाले का डास?" बैठकीतून आवाज आला.

"बघतेय सर!" मी ओरडले. काय बघत होते? घमेलं बघत होते.

शेजारचे गोठे धुंडाळायला वेळ नव्हता. सरांना जेवून निघायचं होतं. मी मान खाली घालून बैठकीत गेले. चाचीने खास मेहमानांसाठी नवे जाड पडदे लावले होते. आत गारवा आणि अंधार.

"चाची, इथं धूर नाही आला का?" मी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"येऊन राह्यला होता ना! ती गोठ्याकडची खिडकी उघडीच होती. धूर दिसला तशी मी लावून घेतली."

मी थांबले. धूर यायच्या आधी त्या खिडकीतून काय आलं असेल? ज्यांना धुरापासून पळायची सगळ्यात जास्त घाई, तेच!

बॅटरी लावली. सरांच्या टकलापासून वीतभर वर, भिंतीवर, एक बारीक काडी तिरपी टेकवल्यासारखी बसली होती. मलेरियाचा डास असाच बसतो, शेपूट वर करून. पोट पुढे लाल, मागे पांढरं.

"सर, हलू नका."

"का? पाल आहे?"

"बाळंतीण व्हायची आहे. श्वास हळू घ्या."

आमच्याकडे डास पकडायची काचेची नळी असते, मागे रबरी नळी, मध्ये जाळी. तोंडाने ओढायचं. मी सोफ्यावर चढले, सरांच्या खांद्यावर कोपर टेकलं आणि ओढलं. चाची पदरात तोंड लपवून हसत होती. मग मी पडद्यांच्या मागे शिरले. तिथे सगळं माहेर जमलं होतं.

लॅबमध्ये पोचल्यावर निवडल्या तर अगदी बेताच्या माद्या दोनच निघाल्या. पहिलीचं अंडाशय काढलं, आम्लाच्या थेंबात ठेवलं, वर पातळ काच ठेवून अंगठ्याने दाबलं. दाब कमी पडला तर गुणसूत्रं गुंत्यात राहतात, जास्त झाला तर चिंध्या. अंगठा जरा जास्तच दाबला गेला. चिंध्या.

सर मागे उभे. पेटीही आत आणून ठेवलेली, झाकण उघडं.

दुसरी. अंगठा टेकवला तोच सर खाकरले.

"सर, आता खोकलात तर मी राजीनामा देईन."

त्यांनी रुमाल तोंडावर धरला. मी दाबलं. मायक्रोस्कोपला डोळा लावायची हिंमत होईना, म्हणून त्यांनाच म्हटलं, "तुम्हीच बघा."

ते वाकले. फोकसचं चाक फिरवत राहिले. पुढे, मागे, पुन्हा पुढे.

"मॅडम," डोळा न काढता ते म्हणाले, "पट्टे मोजता येतायत." मग सरळ होत, "ही स्लाइड मला हवी."

"स्लाइड न्या. मायक्रोस्कोप नाही."

पेटी रिकामी गेली नाही, एवढं मात्र खरं. चाचीने मुद्दाम पाठवलेला खव्याचा डबा त्या स्पंजात अगदी मापाचा बसला.

लॅब अजून लोणारला आहे. मी एवढंच शिकले, की साहेब येणार असं गावात सांगायचं नाही. हल्ली सर आले की मी त्यांना दुसऱ्याच गावांत नेते आणि म्हणते, "मायक्रोस्कोप दुरुस्त करणारे आहेत." गोठे जसेच्या तसे राहतात आणि डास भरपूर मिळतात. सर मात्र कुरकुरतात, की चहा बाहेरच्या ओट्यावर मिळतो, तोही कान तुटलेल्या कपात.