रोख की स्कॅनर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि माझ्या पोटात काही राहत नाही, हे तर आमच्या सगळ्या नात्यात प्रसिद्ध आहे. बारसं असो, साखरपुडा असो, हळद असो, चार माणसं जमली की मला खुर्ची देतात आणि म्हणतात, "काका, होऊन जाऊ द्या." मग मी जो सुरू होतो तो वरणावर साय धरेपर्यंत थांबत नाही.

माझ्या गोष्टींत सगळ्यात जास्त चालते ती 'हरेशची ओव्हर'. पनवेल-उरणकडचे असाल तर तुम्ही ती मोबाइलवर पाहिलीही असेल. ही गोष्ट मी नेहमी संध्याकाळपासून सांगतो. खरं तर ती सकाळी सुरू होते. सकाळ मी गाळतो. दरवेळी. सराईतपणे.

थांबा, आधी मी कोण ते सांगतो. पनवेलात माझं वह्या-पेनांचं दुकान आहे, पण ते बायको चालवते. मी चालवतो तोंड. रविवारी गावोगावच्या टेनिस-बॉल क्रिकेटच्या स्पर्धांत मी कॉमेंट्री करतो. आमच्याकडचं टेनिस क्रिकेट म्हणजे काही पोरखेळ नव्हे. सरकारने घेतलेल्या शेतजमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर शेठ झालेले संघमालक, खेळाडूंचे लिलाव, बक्षिसाला मोटारसायकल, आणि सगळं मोबाइलवर थेट. मला स्वतःला आयुष्यात एकदाही बॅट सरळ धरता आली नाही. म्हणूनच बहुधा दुसऱ्यांच्या चुका मला इतक्या स्पष्ट दिसतात.

हरेश म्हणजे बायकोचा मावसभाऊ. खाडीकाठच्या गावातला, शांत, काटक. आणि बॉलर? काय सांगू तुम्हाला! तो मधलं बोट बॉलवर असं काही फिरवायचा की बॅट्समन बॅट फिरवून मोकळा व्हायचा आणि बॉल मागून यायचा, लग्नाला उशिरा पोचलेल्या मामासारखा सावकाश. दुसऱ्या गावांचे संघ त्याला पैसे देऊन बोलवायचे. त्या पैशातून त्याने घरावर स्लॅब टाकला. जिंकला तरी ओरडायचा नाही. टोपी काढायचा, परत घालायचा, झालं.

तर ती ओव्हर. काही वर्षं झाली. फायनल, शेवटची ओव्हर, समोरच्यांना चौदा हवेत, आणि बॉल हरेशच्या हातात. सगळं मैदान निर्धास्त. पहिला बॉल वाइड. दुसरा वाइड. तिसरा सरळ फुलटॉस, गेला नारळाच्या झाडांत. पुढचा परत वाइड. लोक उभे राहिले. आणि माझ्या तोंडातून माइकवर ते वाक्य गेलं—

"अरे हरेश, रोख घेतलेस की स्कॅनर लावलास?"

मैदान फुटलं हसून. विरोधी संघ हसला, अंपायर हसला, भेळवाला हसला. दोन बॉल राखून सामना गेला आणि रात्रीपर्यंत माझ्या आवाजातलं ते वाक्य प्रत्येक फोनवर वाजत होतं. लोकांनी त्याला गाणं जोडलं, नाच जोडला. हरेश बाजारात दिसला की पोरं मोबाइल उचलून त्याच्या शर्टावर धरायची—स्कॅन केल्यासारखा. त्याचं नावच पडलं, स्कॅनर.

बायको त्या रात्री म्हणाली, "माझा भाऊ आहे तो. तोंडाला काही लगाम?" मी म्हणालो, "अगं, गंमत होती. लोक विसरतील."

लोक कसले विसरतात! मला तर वाटत होतं, विसरूच नयेत. कारण मला फोन यायला लागले. 'स्कॅनरवाले काका' म्हणून. माझी बिदागी वाढली, स्टेजवर शाल आली, एका आमंत्रणात माझा फोटो संघमालकाच्या फोटोपेक्षा मोठा छापला. घरात नवा फ्रीज आला. बायको त्याला कौतुकाने पुसायची, आणि मी... मी तो उघडताना दुसरीकडे बघायचो, असं लिहिणार होतो. पण तेही खोटं. मी आरामात थंड पाणी प्यायचो.

आता सकाळ.

त्या दिवशी सकाळी मी हरेशला फोन करून बोलावलं. माझे स्पीकर टेम्पोतून उतरवायचे होते आणि माझी कंबर, म्हणजे कामाच्या वेळी ती नेहमीच दुखते. फायनल खेळायची असलेला माणूस, पण आला बिचारा. एकट्याने सगळे बॉक्स उतरवले. मी बाजूला उभा राहून बोलत होतो. बोलता बोलता मी टेम्पोचा मागचा फाळका उचलून धाडकन लावला. हरेशचा हात आत होता. उजवा.

तो ओरडला नाही. शीतपेयवाल्याच्या बर्फात हात घालून उभा राहिला. मधलं बोट बघता बघता निळं पडलं. मी हादरलो, म्हणालो, "डॉक्टरकडे जाऊ." तो म्हणाला, "काय नाय भावोजी. कोनाला बोलू नका फक्त. कळलं तर मला बसवतील आज."

त्याने तसं सांगितलं होतं, हे खरं. इतकी वर्षं मी त्या वाक्याच्या आडोशाला राहिलो. पण त्याने गप्प राहायला सांगितलं होतं ते सामना होईपर्यंत. आणि माइकवर मी गप्प राहिलो होतो का?

तुम्ही विचाराल, ते वाक्य बोललो तेव्हा बोट आठवत होतं का? आठवत होतं. वाइड का पडतायत हे त्या सगळ्या मैदानात मला एकट्याला कळत होतं. पण वाक्य चांगलं सुचलं होतं, आणि चांगलं सुचलेलं वाक्य मला गिळता येत नाही.

इथवरची चूक तोंडाची. पुढची नाही.

दोन दिवसांनी त्याच्या संघाच्या शेठनी हरेशला गावदेवीच्या देवळात बोलावलं. निम्मं गाव जमलं. मीही गेलो, नात्यातला म्हणून. मधे नारळ ठेवलेला. शेठ म्हणाले, "हात ठेव आनि सांग. घेतलेस का पैसे?"

हरेशने हात ठेवला. म्हणाला, "पैसे नाय घेतले. पन ओव्हर माजी होती. हरलो ते माज्यामुलं. तुमी सांगाल ते मान्य."

मधलं बोट सुजून नारळावर आडवं पडलं होतं. एक म्हातारा म्हणाला, "बोटाला काय झालाय?"

"लागलंय."

"आत्ता बरा लागला!" कुणीतरी मागून म्हणालं, आणि लोक हसले. माझ्याच वाक्याचं हसू होतं ते, अजून चालू असलेलं.

तिथे माझं एक वाक्य पुरलं असतं. फाळका मी लावला. आठ-आठ तास पाणी न पिता बोलणारा मी—मला एवढंसं वाक्य जड झालं? भीती होती. शेठ म्हणाले असते, माहीत होतं तर माइकवर तसं कसं बोललात? आणि त्याच सकाळी दोन गावांची निमंत्रणं आली होती. हरेशने माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर लोकांना कळलं असतं, म्हणून बघितलं नाही. मी प्रसादाचं खोबरं चावत बाहेर आलो.

पुढच्या लिलावात हरेशच्या नावावर कुणी बोली लावली नाही. त्यानंतरही नाही. बोट वाकडंच बसलं.

टीव्हीवर बघतो ना आपण, मोठमोठे खेळाडू, नट. जाहिरात करतात, लोक बुडतात, मग निवेदन येतं की आम्हाला कल्पना नव्हती. मी तावातावाने म्हणतो, यांना जबाबदारी नाही! बायको मान डोलावते. आणि तिचा भाऊ आता गावातल्या मुलींना बॉलिंग शिकवतो, फुकट. मी एकदा लांबून ऐकलं. म्हणत होता, "ओव्हर खराब गेली का हात वर करायचा. माजी चूक. पिचकडं बघायचं नाय, किपरकडं बघायचं नाय." वाकडं बोट त्याच्या उचललेल्या हातात वेगळं दिसत होतं. मुलींनी हात वर करून दाखवले. एवढा मोठा खेळाडू मी दुसरा पाहिलेला नाही, आणि मी पुष्कळांचे जयजयकार केलेत माइकवर.

गेल्या महिन्यात पुतणीच्या हळदीत पोरांनी पुन्हा फर्माईश केली. हरेश समोरच बसलेला. मी सांगितली. होय, त्याच्यासमोर. नेहमीसारखीच, संध्याकाळपासून. सगळे हसले, तोही हसला. त्याची बायको उठली आणि अजून जेवण चाललं होतं तरी पत्रावळ्या गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेलो. म्हणालो, "हरेश, मी सगळं सांगणार आहे. सकाळपासूनचं." त्याने टोपी काढली, परत घातली.

मग म्हणाला, "सांगा. पन या खेपेला हसवू नका, भावोजी."

वर लिहिलेलं वाचतो तर न हसवणं काही जमलेलं नाही. मामा आला, भेळवाला आला, कंबर आली. तेव्हा निदान शेवटचं साधं लिहितो. फाळका मी लावला. हरेशने कुणाकडून एक रुपया घेतला नाही. मला ते माहीत होतं. देवळात मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो, आणि बोललो नाही.