फ्लॉपी कुणाची होती

पळशीकर मॅडम कुणाच्याही हातातून फ्लॉपी सरळ काढून घ्यायच्या. विद्यार्थी असो, पालक असो, नाहीतर बँकेचा मॅनेजर असो. "आधी मरीजला दाखवा," म्हणायच्या. मरीज म्हणजे क्लासच्या कोपऱ्यातला एक जुना कम्प्यूटर. बाहेरून आलेली फ्लॉपी आधी त्याच्यात घालायची, व्हायरस नाही ना ते बघायचं, आणि मगच दुसऱ्या मशीनला लावायची. कुणी कुरकुर केली की विचारायच्या, "बाजारातला आंबा धुऊन खाता ना? मग ही काय आभाळातून पडलीय?"

आमचा क्लास उज्जैनला टावर चौकात, कचोरीच्या दुकानावर होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मिलचे भोंगे बंद झाले होते, सरकारी भरती आटली होती आणि जो उठेल तो म्हणत होता, कम्प्यूटर सीख लो. जिन्यापाशी पाटी होती, 'कोर्स पूरा, नौकरी पक्की'. ती पाटी आठवली की अजून माझं डोकं फिरतं. एका मशीनसमोर चार जण बसवायचे, एकानं टाइप करायचं आणि बाकीच्यांनी मागून माना उंचावायच्या. मालक भय्यासाहेब मराठीच. पूर्वज दरबारात कारकून होते, हे मात्र सरदारासारखे वागायचे.

मॅडम रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या, बोलणं सडेतोड. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या वह्या मिटायला लावल्या. "हात चालले पाहिजेत. तोंड काय, महाकालच्या लाइनमध्येसुद्धा चालतं." मरीजमध्ये त्या मुद्दाम बिघाड करून ठेवायच्या आणि आम्हाला शोधायला सांगायच्या. सापडला नाही तर घरी जाऊ द्यायच्या नाहीत. बिघाड सापडला की शाबासकी नाही, फक्त "हं, आता पुढचा."

ज्योतीला त्यांनीच आणलं होतं. तिचे वडील मिलमधून घरी बसलेले, पोरीला बाहेर पाठवायला तयार नव्हते. मॅडम त्यांच्या दारात जाऊन बसल्या. "भाईसाब, बदनामी का डर है तो मैं ज़िम्मेदार," असा शब्द दिला, तेव्हा कुठे ते हो म्हणाले. ज्योती आमच्यात सगळ्यात तयार. फ्लॉपी तपासायचं काम मॅडमनी तिच्याकडेच दिलं होतं.

मग इंदूरच्या एका कंपनीची माणसं परीक्षा घ्यायला येणार असं ठरलं. पास होतील त्यांना नोकरी. माझ्या घरी तर आईनं शेजारच्या काकूंना सांगूनही टाकलं होतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी भय्यासाहेब एक फ्लॉपी घेऊन आले. नदीच्या घाटावरच्या कुठल्याशा ज्योतिषाकडून उसनी आणलेली, कुंडली आणि मुहूर्ताची. परीक्षा कोणत्या घटकेला सुरू करायची ते त्यांना कम्प्यूटरवरच काढायचं होतं. मॅडम अजून यायच्या होत्या. ज्योती उठून म्हणाली, "सर, पहले मरीज में देख लूँ?"

"मालिक की फ्लॉपी जाँचोगी, बेटा?" असं हसत म्हणून त्यांनी फ्लॉपी घातली. पत्रिका छापेना, म्हणून दुसऱ्या मशीनला लावली. तिथेही छापेना, म्हणून तिसऱ्या. असं करत त्यांनी मरीज सोडून सगळी मशीन फिरून घेतली. मुहूर्त मिळाला. परीक्षेसाठी मशीन पुन्हा सुरू करायला गेलो तर एकही उठेना. एकटा मरीज ठणठणीत होता.

मॅडम आल्या, त्यांनी फ्लॉपी मरीजमध्ये घालून पाहिली, व्हायरस निघाला तशी काढून टेबलावर ठेवली. तेवढ्यात इंदूरचे दोघे जिना चढून आले. भय्यासाहेबांनी हात जोडले आणि तोंड वर करून म्हणाले, "क्या बताएँ, इस लड़की ने बाहर की फ्लॉपी लगा दी." बोट ज्योतीकडे. मग मॅडमना बाजूला घेऊन हळूच बोलले, पण मी शेजारीच होते म्हणून ऐकू आलं, "तुम्ही फक्त हो म्हणा. ते पुढच्या आठवड्यात परत येतील, बाकीच्या पोरांचं होऊन जाईल. एका पोरीसाठी सगळ्यांचं नुकसान करता का?"

मॅडम वळल्या. "फ्लॉपी इनकी है," म्हणाल्या. "इस लड़की ने रोका था. इन्होंने नहीं सुना."

इंदूरच्या माणसानं बॅग उचलली. "जहाँ मालिक ही नियम न माने, वहाँ के बच्चे हम कैसे लें?" ते गेले ते पुन्हा आलेच नाहीत. चूक मालकाची आणि शिक्षा पोरांना, असला न्याय. मॅडमना भय्यासाहेबांनी संध्याकाळपर्यंतही ठेवलं नाही. पालकांनी शिव्या कुणाला दिल्या? मॅडमना. माझे बाबाही म्हणाले, "एक शब्द गिळला असता तर काय बिघडलं असतं बाईंचं?"

मीही संतापले होते. नानाखेड्याला त्यांच्या घरी भांडायला गेले. एका ज्योतीपायी आमची सगळ्यांची नोकरी घालवलीत, असं तोंडावर म्हटलं. घरच्या जुन्या कम्प्यूटरसमोर बसून त्यांनी ऐकून घेतलं. "हो, तुझं नुकसान मी केलं. नाही कशाला म्हणू? भांड हवं तेवढं. भांडून झालं की तो कीबोर्ड पूस, ज्योती येतेय शिकायला."

मी कीबोर्ड पुसला, आणि शिकायला जातच राहिले. ज्योती आज भोपाळला एका ऑफिसच्या कम्प्यूटरांची सुरक्षा सांभाळते. मी इथेच शाळेत कम्प्यूटर शिकवते. नोकरी मिळाली, पण उशिरा, आणि पुष्कळांपुढे नाक रगडून.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. शोकसभेत भय्यासाहेब माइकपाशी उभे राहिले. आता थकलेत, पण आवाज तोच. "पळशीकर मॅडम आमच्या इन्स्टिट्यूटचा प्राण होत्या. शेवटपर्यंत आमचे घरचे संबंध होते." लोक माना हलवत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी उठले आणि म्हटलं, "मॅडमना तुम्ही काढलं होतं. तुमच्या फ्लॉपीचं पाप ज्योतीच्या माथी मारायला त्या तयार झाल्या नाहीत म्हणून."

मॅडमचे भाऊ माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "बेटा, जाऊ दे ना आता. आजच्या दिवशी कशाला?"

"काका, तेव्हा नोकरी माझी गेली होती," मी म्हटलं. "ती का गेली, ते मीच सांगणार." आणि माइककडे चालू लागले.