ओकच्या पिंपातली आमची पहिली वाईन

आमच्या माळावर मी वाईनची द्राक्षं लावली तेव्हा आण्णा, म्हणजे माझे वडील, आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं आयुष्य उसात आणि गुऱ्हाळात गेलेलं. दर पौर्णिमेला देवदर्शनाला नृसिंहवाडीची वारी, आणि दारूचा थेंब कधी शिवला नाही. पोरगा दारू गाळणार हे गावाला सांगायचं कसं? "औषधाची द्राक्षं हायत," असं त्यांनी परस्पर सांगून टाकलं, आणि निम्म्या गावाला आपापला आजार आठवला.

मी मात्र एका ओकच्या पिंपावर जीव टांगून बसलो होतो. परदेशातून मागवलेलं, एकच. लाकडात वर्षभर मुरायचं तर वाईन मुळात दमदार हवी, नाहीतर नुसती फळी चाटल्याची चव लागते. त्यासाठी तोडणीआधी वेलींचं पाणी तोडायचं. वेली तहानल्या की मणी बारीक राहतात, रस घट्ट होतो.

तोडणीला चार दिवस उरले असताना सकाळी माळावर गेलो, तर चिखल. आण्णा पाईप धरून उभे.

"पानांनी माना टाकलेल्या. बघवंना मला," ते म्हणाले. "तुला माया हाय का न्हाय?"

उसाच्या मुलखात माया पाण्यानं मोजतात, हे मला आधीच सुचायला हवं होतं. मी वाट्टेल ते बोललो. मणी टपोरे झाले, रस पातळ. तरी द्राक्षं चेचली, रस सालींसकट आंबवला, वर येणाऱ्या साली रोज दोनदा खाली दाबल्या आणि पिंप भरलं.

वर्षभर लाकूड थोडी थोडी वाईन पीत राहिलं आणि मी बाजूला राखलेली त्यात भरत राहिलो. घरात पिणारं ते एकटंच, पण आण्णांचा संशय माझ्यावर.

शेवटी पिंप उघडलं. आण्णांनी वाडीच्या दिशेनं हात जोडले, "औषध हाय, देवा," म्हणाले आणि घोट घेतला. उकळता पाक बघून गूळ कधी उतरवायचा ते सांगणारा हा माणूस. डोळे मिटून त्यांनी तोंडात जीभ फिरवली.

"पातळ हाय की रं. पाणी कुणी घातलं?"

वर्षभर राखलेलं उत्तर ओठांवर आलं. त्यांच्याकडं बघितलं. खरंच विसरले होते, आणि माझी मेहनत वाया गेली म्हणून त्यांचा चेहरा उतरला होता.

"मीच, आण्णा," म्हणालो. "माझाच अंदाज चुकला."

"मग पुढल्या खेपंला मला इचारत जा," ते म्हणाले आणि ग्लास पुढं केला.