भट्टीमागची भिंत

करी रोडला आमच्या चाळीची मागची भिंत आणि शेजारच्या बेकरीची भट्टी पाठीला पाठ लावून होत्या. ती भिंत बाराही महिने कोमट असायची. पावसाळ्यात आम्ही पोरं शाळेचे ओले गणवेश तिच्यावर वाळवायचो. आता ती गार आहे. तरी घरी गेले की मी तिच्यावर हात ठेवून बघते. मूर्खपणा आहे, ठाऊक आहे मला.

माझं काम धोरणांची गणितं मांडायचं. कार्बन कमी करायला एक उपाय पुरत नाही, दोन-तीन जोडावे लागतात. आणि जोडले म्हणून त्यांच्या फायद्यांची सरळ बेरीज होत नाही. बेकऱ्यांसाठी आम्ही तीन जोडले होते: लाकडावर बंदी, विजेच्या भट्टीला मदत आणि स्वस्त वीज. तिन्ही मिळून आले तर धूर जातो, बेकरी राहते. बंदी एकटीच आली तर लहान बेकरी मरते आणि पाव लांबच्या कारखान्यातून डिझेलच्या टेम्पोने येतो. हे मीच लिहिलं होतं. तक्त्यात मात्र तिन्ही उपाय एकाच वर्षी सुरू होतात असं धरलं. वेगवेगळी वर्षं धरली असती तर तक्ता किचकट झाला असता, एवढंच कारण.

बेकरीवाले काका मला लहानपणापासून ओळखत. दिवाळीत चाळीतल्या बायका नानकटाईचं पीठ मळून पत्र्याच्या ट्रेमध्ये लावायच्या आणि ते ट्रे भाजायला मी त्यांच्याकडे न्यायचे. बंदी आली तेव्हा त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"तुझं तेच काम ना गं? सगळे बोलतायत, गुपचूप लाकूड जाळत राहा. काय करू, विझवू?"

"विझवा काका. मदत येतेय मागोमाग."

"तू बोलतेस ना? मग झालं."

त्याच दिवशी त्यांनी भट्टी विझवली. मदतीचा अर्ज निघाला बऱ्याच महिन्यांनी आणि त्यात चालू भट्टीचा फोटो मागितला होता. ज्यांनी नियम धाब्यावर बसवला त्यांच्याकडे तो होता. काकांकडे राख होती. स्वस्त वीज अजून कागदावरच आहे.

पुढच्या तक्त्यात त्यांची बेकरी 'धूर बंद' या रकान्यात गेली, यश म्हणून. मीच भरली. टेम्पोच्या धुराला रकानाच नव्हता. हल्ली ऑफिसात एसीत बसलेली असताना मधूनच भाजलेल्या नानकटाईचा वास येतो. मी मान वर करून बघते, तर कुणीच काही खात नसतं. मला भीती वाटते त्या वासाची.

परवा, दिवाळीच्या तोंडावर, आईने सवयीने पीठ मळलं, ट्रे लावला आणि माझ्या हातात दिला. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. तरी मी तो घेऊन खाली उतरले. का, ते विचारू नका.

काका बंद शटरच्या पायरीवर बसले होते. त्यांनी ट्रे मांडीवर घेतला आणि कडेची एक नानकटाई बोटाने सारखी केली.

"तुमच्या कागदात आमचं काय लिहिलंस गं?"

खोटं बोलता आलं असतं. "धूर कमी झाला, असं," मी म्हणाले.

"झालाच की. बरोबर लिहिलंस." त्यांनी ट्रेवर फडकं टाकलं. "संध्याकाळी ये न्यायला."

मी हो म्हणाले.