पिंपळनेरची कॅचर

किरण सर धुळ्याच्या एका कॉलेजात मुलींना बेसबॉल शिकवतात. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारी कॅचर त्यांना मिळेना. शहरातल्या पोरींचे गुडघे अर्ध्या सामन्यातच कुरकुरायचे. म्हणून सर पोरी बघत पिंपळनेरच्या कांद्याच्या वावरात पोचले. उकिडवं बसून तण काढायची निंदणी चालली होती. बाया मधेच उठून कंबर धरायच्या. माझी भाची सपना बसल्या बसल्या पुढे सरकत होती.

सरांनी तिथेच विचारलं. माझी बहीण भिकूअक्का, म्हणजे सपनाची आई, हसायलाच लागली. "उकिडं बसाना खेळ शे का? मंग मालेच लई चाला!" म्हणजे मग तिलाच घेऊन चला.

शेवटी पोरीला तिने माझ्याकडे धुळ्याला पाठवलं. पण बजावलं, दिवाळीपर्यंत सामन्यात उतरली नाही तर परत नेईन.

सपना बाकावरच. कॅचरची जागा तिसऱ्या वर्षाच्या वृषालीची, आणि तिची बॅटही जोरात चालायची. सपना सरावाचे काळे-निळे डाग घेऊन घरी यायची. दिवा लावताना मी एकवीरा मातेला एवढंच म्हणायचे, एकदा खेळू दे गं तिला.

दसऱ्यानंतर जळगावला स्पर्धा होती. निघण्याआधी सरांनी चेंडू टाकणाऱ्या तिघींना एकेकीला बाजूला घेऊन विचारलं, कॅचर कोण हवी? तिघींनीही सपना सांगितली.

"सर, चेंडू वाकडा गेला की वृषालीताई तोंड करते. सपना अंगावर घेऊन अडवते अन् म्हणते, आण दुसरा."

सरांनी सपनाला कॅचरच्या जागी घेतलं आणि वृषालीला लांब, मैदानाच्या टोकाला उभं केलं. वृषालीने सपनाशी बोलणंच टाकलं.

अंतिम सामन्याला मी अक्कालाही नेलं. आमची एक धाव जास्त, त्यांची एकच पोर बाद करायची राहिलेली. टोला लांब गेला. आधीच बेसवर उभी असलेली त्यांची पोर बरोबरीच्या धावेसाठी सपनाच्या दिशेने सुटली; धाव पुरी होते ती कॅचरपाशीच. वृषालीने टोकावरून चेंडू फेकला. तो हातभर अलीकडे आपटला. सपना हलली नाही. चेंडू छातीवर घेतला, हातात धरला आणि घसरत आलेल्या पोरीला टेकवला.

बाद!

माझे हात आपोआप जुळले. वृषाली टोकावरून धावत आली. "ए निंदणीवाली!" म्हणत तिने सपनाला उचललंच.

भिकूअक्का कुंपणापाशी अनोळखी बायांना सांगत होती, "मनी पोर शे ती. बसनं मीच शिकाडेल शे!"